गाडी कोणाच्या वजनाची?

शिंप्याकडे सदरा शिवावयास टाकला, तर तो आधी गळ्यातली टेप हातात घेतो. छाती, कंबर, बाही, गळा अशी मापे तो मोठ्याने म्हणतो आणि त्याचा पोऱ्या ती वहीत उतरवून घेतो. चष्मेवाला डोळे तपासल्यावाचून काच देत नाही. साधी उशी घ्यावयाची झाली तरी ती मानेला मानवते की नाही, हे आपण दुकानातच डोके टेकून पाहतो. पण लाख-दीड लाख रुपये मोजून मोटारसायकल घ्यावयास जातो तेव्हा मात्र निराळाच प्रकार घडतो. आपण रंग विचारतो, मायलेज विचारतो, हप्ता किती महिन्यांचा ते विचारतो. दुकानदार आपले नाव, पत्ता, पगार, जामीनदार सारे विचारतो. फक्त एक प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारीत नाही : आपले वजन किती?

कारखान्याला तरी दोष कसा द्यावा? त्याला हजारांनी गाड्या बाहेर काढावयाच्या असतात. म्हणून तो एक कल्पित गृहस्थ डोळ्यांपुढे ठेवतो. हा गृहस्थ साधारण सत्तर-पंचाहत्तर किलो वजनाचा. लठ्ठ नाही आणि किडकिडीतही नाही. त्याच्या बेताने गाडीच्या पुढच्या शॉकअपमधल्या स्प्रिंगा ठरतात. मला हा गृहस्थ अजून कोणाच्या घरी भेटलेला नाही. आमच्याच घरचे पाहा. मी ६३ किलो, माझी धाकटी पुतणी ४७ किलो आणि सौ.चे थोरले बंधू १०४ किलो. आम्ही तिघेही मोटारसायकल चालवतो, आणि तिघांच्याही गाड्या त्या न पाहिलेल्या गृहस्थाच्या मापाच्या!

पाडव्याच्या मुहूर्तावर पुष्कळ घरांपुढे नवी गाडी उभी राहील, तिला हार पडेल, चाकाखाली लिंबू जाईल. संपादकांनी दिवाळी अंकासाठी या सदराला नेहमीपेक्षा ऐसपैस जागा दिली आहे, ती मी म्हणूनच एका गोष्टीला देणार आहे. गाडीचे पुढचे शॉकअप आपल्या वजनाला जुळते आहे की नाही, हे घरच्या घरी कसे पाहावे, आणि जुळत नसेल तर काय करावे? विषय गॅरेजातला वाटेल. पण ब्रेक दाबल्यावर गाडी ताब्यात राहते की नाही आणि खड्ड्यातून गेल्यावर चाक रस्त्याला धरून राहते की नाही, हे बरेचसे यावर अवलंबून असते. तेव्हा तो घरातल्या माणसांचाच विषय आहे.

दोन नळ्या, स्प्रिंग आणि तेल

पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दुर्बिणीसारख्या एकात एक सरकणाऱ्या नळ्या असतात, त्याच पुढचे शॉकअप. नेहमीच्या गाड्यांत वरची चकचकीत नळी हँडलाकडे पक्की बसवलेली असते आणि खालची जाड नळी चाकाला धरून वरखाली होते. काही महाग गाड्यांत हीच रचना उलटी केलेली असते, म्हणजे जाड नळी वर आणि चकचकीत नळी खाली. आत दोन गोष्टी असतात : एक लांब स्प्रिंग आणि थोडे तेल.

या दोघांची कामे वेगळी आहेत, आणि पुष्कळांचा घोटाळा येथेच होतो. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या दाराला वरच्या बाजूला एक यंत्र लावलेले असते ते आठवा. दार आपोआप लावून घेण्याचे काम त्यातली स्प्रिंग करते. पण ते धाडकन न आपटता सावकाश लागते, ते आतल्या तेलामुळे. बारीक भोकातून तेलाला वाट काढावी लागते, त्यात वेळ जातो आणि स्प्रिंगचा आवेग जिरतो. शॉकअपचे अगदी असेच आहे. वजन पेलते ती स्प्रिंग आणि उसळी आवरते ते तेल.

ही सोय मोटारसायकलीला जन्मतः लाभली नव्हती. पहिल्या फटफट्यांना सायकलीसारखा कडक चिमटा असे आणि रस्त्यावरचा प्रत्येक दगड थेट स्वाराच्या मनगटाला कळे. पुढे चिमट्याला स्प्रिंग आली, आणि तिची उसळी आवरण्यासाठी एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या आल्या. त्या चकत्यांना हाताने पिळावयाचे एक बोंड असे. रस्ता बिघडला की स्वार ते पिळून घट्ट करी. तेलाचे नियंत्रण असलेल्या दुर्बिणीच्या नळ्या जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कारखान्याने १९३५ साली आपल्या ‘आर १२’ आणि ‘आर १७’ या गाड्यांना लावल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, इंग्लंडच्या मॅचलेस कारखान्याने लष्करासाठी केलेल्या गाडीलाही तशाच नळ्या आल्या, आणि युद्धानंतर त्या सर्वत्र रूढ झाल्या. आपल्याकडे १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली बुलेट आणि १९६१ पासून म्हैसूरला तयार होऊ लागलेली जावा यांच्या पुढे याच नळ्या होत्या. नळ्या आल्या, आराम आला. मात्र ते हाताने पिळावयाचे बोंड गेले, आणि त्याबरोबर ‘हे आपल्याला जुळवून घ्यावयाचे असते’ ही आठवणही पुसट झाली.

दबणे म्हणजे दोष नव्हे

आपण गाडीवर बसलो की पुढचा भाग थोडा खाली बसतो. ‘स्प्रिंग मऊ पडली’ असे म्हणून कित्येकांना त्याची काळजी वाटते. खरे पाहता तो थोडा बसलाच पाहिजे. चाकापुढे उंचवटा आला तर नळी आत जाऊन तो गिळते, हे सर्वांना कळते. पण चाकापुढे खड्डा आला तर? तेव्हा चाकाला खाली उतरून खड्ड्याचा तळ गाठावयाचा असतो, म्हणजे नळी लांबावी लागते. ती आधी दबलेलीच नसेल तर लांबणार कोठून? मग चाक क्षणभर अधांतरी राहते. अधांतरी चाकाला ब्रेक लागत नाही आणि वळताही येत नाही.

उलट पक्षी, नळी बसल्या जागीच अर्धी दबली असेल तर ब्रेक मारताच गाडीचा भार पुढे येतो आणि उरलेली नळीही संपते. त्याच वेळी खड्डा आला की लोखंडावर लोखंड आदळते, हँडलाला ठोका बसतो आणि चाक रस्ता सोडून उडते. आपल्याकडे गतिरोधक आणि त्याच्या पलीकडचा खड्डा ही जोडी किती ठिकाणी असते, हे वाचकांना सांगावयास नको.

म्हणून जाणत्यांनी मधला मार्ग ठरवला आहे. चाक एकूण जेवढे वरखाली होऊ शकते, त्याच्या पावपट ते एकतृतीयांश इतके अंतर गाडीचे आणि स्वाराचे वजन पडल्यावर दबलेले असावे. नेहमीच्या गाडीचे चाक १२० ते १३० मि.मी. वरखाली होते, म्हणजे हे दबणे ३० ते ४० मि.मी. असावे. जाणकार याला ‘सॅग’ म्हणतात. आपण ‘बैठक’ म्हणू.

ही बैठक वजनाने किती बदलते? स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाला सापडला. १६७६ साली त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपाने छापला आणि १६७८ साली कोडे उलगडून सांगितले. नियम सोपा आहे : ओझे दुप्पट तर दबणे दुप्पट. हिशेबासाठी असे धरू की पुढच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून १ मि.मी. दाबावयास १.२ किलो भार लागतो, आणि स्वाराच्या वजनापैकी ४० टक्के पुढच्या चाकावर येते. ५० किलोच्या स्वाराचे २० किलो पुढे येतील, १०० किलोच्या स्वाराचे ४० किलो. फरक २० किलोंचा, म्हणजे जवळजवळ १७ मि.मी. बैठकीचा. चाकाच्या साऱ्या हालचालीचा सातवा हिस्सा तेवढ्यातच गेला! एकाला गाडी दगडासारखी वाटते आणि दुसऱ्याला झोपाळ्यासारखी, त्याचे कारण हे.

फूटपट्टी, पट्टी आणि तीन माणसे

आता मोजणी. वायरी बांधावयाची प्लॅस्टिकची पट्टी, जिला इलेक्ट्रिशियन ‘केबल टाय’ म्हणतो, ती एक आणा. एक फूटपट्टी, एक कागद आणि घरातली तीन माणसे : एक बसणारा, एक धरणारा, एक मोजून लिहिणारा. सुरुवातीला टायरांतली हवा पुस्तकात दिल्याप्रमाणे भरा. हवा चुकली की पुढचे सारे हिशेब चुकतात. चकचकीत नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर मोजणी तेथेच थांबवा आणि गाडी मेकॅनिककडे न्या. ऑईल सील गेलेले असते, आणि ते तेल ब्रेकच्या चकतीवर उतरले तर ब्रेक धरत नाही.

पहिले माप. गाडी सपाट फरशीवर डबल स्टँडवर घ्या आणि एकाने मागच्या सीटवर भार द्यावा, म्हणजे पुढचे चाक उचलले जाते. डबल स्टँड नसेल तर दोघांनी हँडल धरून चाकावरचा भार उचलावा. आता नळी पूर्ण लांबली. चकचकीत नळीचा उघडा भाग, खालच्या रबरी सीलपासून वरच्या पकडीपर्यंत, मोजून लिहा. समजा, तो १५० मि.मी. भरला. (उलट्या नळ्यांच्या गाडीत सीलपासून खाली चाकाच्या आसाच्या पकडीपर्यंत मोजावे.)

दुसरे माप. गाडी स्टँडवरून काढा आणि जो चालवणार त्याने तिच्यावर बसावे. तेही रोजच्या पोषाखात : हेल्मेट, बूट, पाठीवर डब्याची पिशवी असेल तर तीसुद्धा. दोन्ही पाय पायदानावर ठेवावेत. गाडी मागून धरणाऱ्याने तोल सांभाळावा, आणि पुढचा ब्रेक कोणीही दाबू नये. मोजणाऱ्याने हँडल खाली दाबून सावकाश सोडावे आणि नळी जेथे थांबेल तेथे मोजावे. समजा, ११० आले.

तिसरे माप. आता हँडल किंचित वर उचलून सावकाश सोडावे आणि पुन्हा मोजावे. या वेळी ११८ येतील. तीच गाडी, तोच माणूस, मग आकडे दोन कसे? सीलांच्या घर्षणामुळे नळी दोन्हीकडून थोडी अडखळून थांबते. म्हणून दोहोंची सरासरी घ्यावयाची : ११४. पहिल्या मापातून ती वजा केली की उरले ३६ मि.मी. हीच आपली बैठक. चाकाची एकूण हालचाल गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. ती १३० असेल तर ३६ हे माप झकास आहे. गाडीला हात लावू नये. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या मापांत पंधरा-वीस मि.मी.चे अंतर निघाले तर नळी वाकलेली, आस तिरपा आवळलेला किंवा सील कोरडे पडलेले आहे असे समजावे. असे असताना स्प्रिंगशी खेळण्यात अर्थ नाही.

ती केबल टाय कशासाठी? ती चकचकीत नळीभोवती बेताची आवळा, इतकीच की बोटाने सरकावी. ती सीलला टेकवून ठेवा आणि नेहमीच्या रस्त्याने कचेरीला जाऊन या. नळी जेवढी आत गेली तेवढी पट्टी वर सरकलेली दिसेल. आठवडाभराच्या वाईटात वाईट खड्ड्यानंतरही तिसरा हिस्सा नळी वापरलीच गेली नसेल, तर शॉकअप तुम्हाला कडक आहे. आणि रोजच्या गतिरोधकावरच पट्टी शेवटपर्यंत जात असेल, तर ते मऊ आहे. चार आण्यांची वस्तू, पण खोटे बोलत नाही.

४७ किलोंची गोष्ट

माझ्या पुतणीने दोन वर्षांपूर्वी एक जुनी मोटारसायकल घेतली. ती एका प्रयोगशाळेत काम करते आणि पाण्याचे नमुने आणावयास तिला महिन्यातून चार-पाच वेळा वाई-पाचगणीकडे जावे लागते. पसरणी घाटातली वळणे तिला सोसेनात. वळणात बारीक खड्डे आले की पुढचे चाक बाहेरच्या बाजूला उड्या मारी. घरी आल्यावर मनगटे सुजलेली असत. ती मेकॅनिककडे गेली. त्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, “मॅडम, गाडीत काही नाही. ही गाडी तुमच्या अंगाला झेपायची नाही. एखादी स्कूटर बघा.” दुसऱ्याकडे गेली, त्यानेही तेच सांगितले. घरात तर हे पहिल्या दिवसापासून सर्वांचे मत होतेच.

एका रविवारी ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, “काका, गाडी विकायला काढते आहे. माझ्यातच ताकद कमी पडते.”

मी म्हटले, “विकायची तर वीक. पण आधी मोजू या.”

अंगणात गाडी घेतली. सौ.ने वही धरली. पुतणी हेल्मेट, जॅकेट आणि पाठीवरच्या पिशवीसह ५२ किलो भरली. चाकाची एकूण हालचाल १४० मि.मी. आणि बैठक आली अवघी १९! म्हणजे सातव्या हिश्शाहूनही कमी. मग नळ्यांच्या डोक्यावरची टोपणे पाहिली. या गाडीला स्प्रिंग आधीपासून दाबून ठेवण्याचे नट होते, ज्याला ‘प्रीलोड’ म्हणतात. ते दोन्ही पार शेवटपर्यंत पिळलेले. आधीचा मालक चांगला धिप्पाड होता, असे तिला तेव्हा आठवले. त्याने गाडी आपल्या मापाची करून घेतली होती, आणि तिने ती तशीच दोन वर्षे चालवली होती.

आम्ही दोन्ही नट सारखे मोजून १२ मि.मी. सैल केले. पुन्हा मोजले : बैठक ३१. स्वारावाचून नुसती गाडी स्वतःच्या भाराने १८ मि.मी. बसत होती, तेही योग्य. मग तेलाचा स्क्रू. तो नटाच्या मधोमध असतो आणि फिरवताना कट् कट् असा आवाज होतो. तोही गच्च बंद केलेला होता. पुस्तकात दिलेल्या जागी आणून ठेवला. पारख सोपी आहे. हँडल जोराने दाबून सोडावे. पुढचा भाग एका दमात वर येऊन स्थिर झाला तर ठीक. वर येऊन पुन्हा डोलू लागला तर तेलाचा आवर कमी आहे. रांगत रांगत वर आला तर आवर जास्त आहे. अशी गाडी लागोपाठच्या खड्ड्यांत पुरती वर यावयाच्या आत पुन्हा दबते आणि शेवटी आखडून बसते.

या साऱ्याला पाऊण तास लागला आणि खर्च काही आला नाही. पुढच्या आठवड्यात ती पाचगणीला जाऊन आली आणि रात्री तिचा फोन आला. “काका, चाक वळणात जागचे हलले नाही.” एवढेच म्हणाली. गाडी अजून तिच्याकडेच आहे. दोन वर्षे एक मुलगी स्वतःला दुबळी समजत होती, आणि दोष होता दुसऱ्याच्या वजनाला पिळलेल्या दोन नटांत! मला गाडीपेक्षा याचेच अधिक वाटले. स्वयंपाकघरातला ओटा असो, कचेरीतली खुर्ची असो की ही गाडी. वस्तू अंगाला लागली नाही की बायकामाणसे आधी स्वतःलाच बोल लावतात. टेप मात्र कोणी काढीत नाही.

गादीखालची फळी

मेहुण्यांचे दुखणे नेमके उलट. त्यांची गाडी दीडशे सी.सी.ची, पुढे जुळवावयाची काहीच सोय नसलेली. आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्या अशाच असतात. दर गतिरोधकावर ठोका बसे. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने टोपणे उघडून स्प्रिंगवर जाड वॉशर घातले. पुढचा भाग उंच झाला, मेहुणे खूष झाले, पण ठोके थांबले नाहीत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वॉशर घातल्याने किंवा नट पिळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. गादीखाली फळी सरकवली तर गादी उंच होते, टणक होत नाही, तसेच हे. आधी १ मि.मी. दाबावयास १.२ किलो लागत असतील तर नंतरही तेवढेच लागतात. केवळ सुरुवात वरून होते. पुतणीला सुरुवातीची जागा बदलणे पुरेसे होते, कारण तिच्या गाडीची स्प्रिंग तिला चालण्यासारखी होती. मेहुण्यांना दुसरी गादीच हवी होती.

वॉशर काढून मोजले तेव्हा १२० मि.मी. हालचालीपैकी ५२ मि.मी. त्यांच्या बसण्यातच संपत होते. कागदावर हिशेब केला. स्प्रिंगा कारखान्यातूनच २० मि.मी. दाबून बसवलेल्या होत्या. म्हणजे एकूण ७२ मि.मी. गुणिले १.२, सुमारे ८६ किलो भार पुढच्या स्प्रिंगांवर येत होता. तोच भार १.५ किलोच्या स्प्रिंगांवर टाकला तर त्या सुमारे ५७ मि.मी. दबतील, त्यातून २० वजा जाता बैठक ३७. झाले! तशा स्प्रिंगांची जोडी मिळवली, आणि जाणत्या मेकॅनिककडून ती बसवून घेताना तेलही नवे घातले. मोजून पाहिले तर आकडा कागदाशी जुळला. आता केबल टाय शेवटपर्यंत जाते ती क्वचितच, एखाद्या अस्सल पावसाळी खड्ड्यात.

तेलाविषयी एक सूचना. नळीत तेलाच्या वर थोडी हवा कोंडलेली असते. नळी आत जाते तशी ती दबते आणि शेवटी शेवटी तीही स्प्रिंगसारखा जोर करते. तेलाची पातळी थोडी वाढवली की हवेची जागा कमी होते आणि अखेरचा ठोका मऊ होतो. म्हणून काहीजण ‘घाला अजून थोडे’ असे म्हणतात. तसे करू नये. तेल बेसुमार झाले की सील फुटते. दोन्ही नळ्यांत पातळी सारखी आणि पुस्तकात दिल्याच्या आसपासच असावी.

दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची. मोजणी घरी करा, नट आणि स्क्रू घरी फिरवा. पण नळीचे टोपण घरी उघडू नका. त्याखाली दाबलेली स्प्रिंग असते आणि टोपण गोळीसारखे उडते. हे काम ज्याच्याकडे साधने आहेत त्याचेच.

मागे कोणी बसले तर

सौ.ने लेख वाचून विचारले, “आणि मी मागे बसते तेव्हा?” प्रश्न रास्त आहे. मागे बसणाऱ्याचा भार बहुतेक सगळा मागच्या चाकावर जातो. गाडी मागून बसते आणि पुढून वर उचलल्यासारखी होते. हँडल हलके लागते आणि रात्री आपला दिवा समोरच्यांच्या डोळ्यांत जातो. यावर पुढे काही करावयाचे नसते. मागच्या शॉकअपची खाचांची कडी एक-दोन घर वर चढवावयाची. ही सोय साध्या गाडीलाही असते आणि तिचा पाना पुष्कळदा गाडीच्या हत्यारांतच मिळतो. दोन्ही बाजूंची कडी सारख्या घरात असावी, आणि एकटे जाताना ती परत उतरवावी. पुढची आणि मागची दोन्ही बैठक जुळवावयाची असेल तर आधी मागची जुळवून मग पुढची मोजावी, कारण एक हलली की दुसरीवर परिणाम होतो.

एकच गाडी घरात दोघे चालवत असतील, एक ५८ किलोंचा आणि दुसरा ८२ किलोंचा, तर काय करावे? जो अधिक चालवतो त्याच्या मापाला ती ठेवावी आणि दुसऱ्याचे आकडे लिहून ठेवावेत : कोणता नट किती फेरे, कोणता स्क्रू किती कट्. नट नसलेल्या गाडीत दोघांच्या मधले वजन धरावे, आणि तिच्यावर बसून दोघांचीही बैठक पावपट ते एकतृतीयांशच्या आत येते का ते पाहावे. बहुधा येते.

नवी गाडी घेणाऱ्यांनी पाडव्याच्या दिवशी लगेच टेप काढू नये. नवी सीले घट्ट असतात. पहिली सर्व्हिसिंग होऊन जाऊ द्यावी, मग एखाद्या रविवारी सकाळी मोजावे. मिळालेले चार आकडे गाडीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर, तारीख आणि आपले वजन घालून लिहावेत. गाडी पुढे विकली तर घेणाऱ्याला ते पान आवर्जून दाखवावे. त्याची दोन वर्षे वाचतील.

आणि ही मोजणी दर वर्षी एकदा करावी. स्प्रिंगा थकतात, तेल पातळ होते. शिवाय फराळाच्या दिवसांत आपल्यातही काही बदल घडतात, ते गाडीला आपल्याआधी कळतात.